आकडे बरोबर, प्रतिमा चूक

हुबळीहून धारवाडकडे जाताना उणकलचा तलाव लागतो. समजा, देशपांडे नगरातील एका शिक्षकांनी विद्यार्थ्यांना या तलावाचा विस्तार दाखविण्यासाठी त्या परिसराची उपग्रह-प्रतिमा संगणकावर उघडली. आणि पडद्यावर एका तलावाऐवजी तीन ओळींत तीन-तीन असे नऊ लहान, करडे तलाव उमटले! उपग्रह बिघडला काय? मुळीच नाही. आकडे बरोबर आहेत. ते वाचण्याचा क्रम तेवढा चुकला आहे.

आकड्यांची रांग

प्रतिमा म्हणजे आकड्यांचा तक्ता होय. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरील लिस-3 या उपकरणाच्या प्रतिमेतील एक चित्रबिंदू जमिनीवरील सुमारे 23.5 मीटर लांब-रुंद चौकोन दर्शवितो. प्रत्येक बिंदूला हिरव्या, तांबड्या, अवरक्त इत्यादी प्रकाशपट्ट्यांचे स्वतंत्र आकडे असतात. संगणकाच्या स्मृतीत मात्र तक्ता नसतो, एकच लांब रांग असते.

पहिल्या ओळीत 11, 12, 13 व दुसऱ्या ओळीत 21, 22, 23 असा तक्ता घ्या. 'सी' या संगणक-भाषेच्या रीतीने, म्हणजे ओळीमागून ओळ, तो साठविल्यास रांग 11, 12, 13, 21, 22, 23 अशी होते. 1957 साली आलेल्या फोरट्रान भाषेच्या रीतीने, म्हणजे स्तंभामागून स्तंभ, साठविल्यास ती 11, 21, 12, 22, 13, 23 अशी होते. एका रीतीने साठविलेले दुसऱ्या रीतीने वाचले, की घोटाळा होतो.

लक्षणे

(1) प्रतिमेची लांबी-रुंदी समान असल्यास उभे ते आडवे होते. दक्षिणोत्तर रस्ता पूर्व-पश्चिम दिसतो.

(2) ती असमान असल्यास तिरपे पट्टे उमटतात.

(3) तीन प्रकाशपट्टे एकापुढे एक साठविलेले असून ते प्रत्येक बिंदूमागे एकत्र आहेत असे समजून वाचल्यास वर सांगितलेली नऊ चित्रे मिळतात.

यांपैकी पहिली चूक सर्वांत घातक. चित्र नीटस दिसते, पण एकाचे शेत दुसऱ्याच्या जागी जाते. बेरीज व सरासरी काढूनही ही चूक सापडत नाही. कारण क्रम बदलला तरी बेरीज तीच राहते.

उपाय

आकड्यांत फेरफार करू नये. प्रथम प्रतिमेसोबतचे माहितीपत्रक वाचून ओळी, स्तंभ, प्रकाशपट्टे व त्यांचा क्रम पाहावा. वरील सहा आकड्यांसारखा लहान तक्ता आज्ञावलीतून वाचून पाहावा. शेवटी तलाव, रस्ता अशी ओळखीची खूण प्रत्यक्ष जागेशी ताडावी. स्वतः प्रतिमा साठविताना क्रम लिहून ठेवावा.

शिक्षकांनी हे सहा आकडे फळ्यावर मांडून विद्यार्थ्यांकडून दोन्ही रीतींनी वाचवून घ्यावेत. संगणक नसलेल्या शाळेतही हा पाठ देता येईल.