वृद्धांना आहारशिक्षण कसे द्यावे?

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेस डोंगरउतारावर भात, नाचणी व वरई पिकते. पूर्वेकडे बाजरी, ज्वारी व कडधान्ये होतात. मधल्या बागायती पट्ट्यात भाजीपाला व दूधदुभते आहे. असे असूनही पुष्कळ घरांतील म्हातारी माणसे चहात बुडविलेल्या भाकरीवर किंवा बटरावर वेळ मारून नेतात. दात पडलेले असतात, भूक मंदावलेली असते आणि सर्वांच्या मागून उरलेले खाण्याची सवय जुनी असते. पुढे अंगातील शक्ती जाते, तोल जाऊन पडण्याचे भय वाढते, आणि घरची मंडळी ‘वय झाले’ असे म्हणून स्वस्थ बसतात. वस्तुतः यातील बराच दुबळेपणा अपुऱ्या आहाराचा असतो व तो टाळता येतो. हे घरोघरी पटवून देणे हेच आहारशिक्षणाचे मुख्य काम होय.

काय सांगावे

उतारवयात श्रम कमी झाल्याने धान्य कमी लागते. परंतु स्नायू व हाडे टिकविण्यासाठी प्रथिने व कॅल्शियम यांची गरज कमी होत नाही. ५० किलो वजनाच्या माणसास दिवसास सुमारे ४० ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणून प्रत्येक जेवणात घट्ट वरण, मऊ उसळ, दूध, दही, अंडे किंवा मासळी यांपैकी काही तरी असावे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तितक्याच पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. चहा जेवणाबरोबर घेऊ नये. त्यामुळे अन्नातील लोह अंगी कमी लागते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कसे सांगावे

१. वृद्धांना सभेस बोलावू नये. ते जेथे जमतात तेथे आपण जावे. हरिपाठापूर्वीचे देऊळ, गावचा पार, दुपारची पडवी या जागा उत्तम. दहाबारा माणसांपुढे, जवळ बसून, सावकाश व स्पष्ट बोलावे. एका वेळी एकच विषय घ्यावा.

२. प्रथम विचारावे, मग सांगावे. नाचणीची आंबील, हुलग्याचे माडगे व रानभाज्या यांची माहिती वृद्धांजवळच अधिक असते. त्यांच्या बोलण्यातील चांगले ते उचलून धरल्यास नवी गोष्टही ते आपलीशी करतात.

३. तोंडी उपदेशापेक्षा प्रात्यक्षिक करावे. दोन मुठी तांदूळ, एक मूठ मूगडाळ व बारीक चिरलेली पालेभाजी एकत्र शिजवून, घोटून मऊ खिचडी करावी. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून दळावी व त्या पिठाची दुधातील पेज करावी. पळी एखाद्या आजींच्याच हाती द्यावी आणि सर्वांना चव घेण्यास सांगावे.

४. रांधणाऱ्या सुनेस किंवा लेकीस सोबत बसवावे. घरात वृद्धांची आबाळ होते असा ठपका मात्र ठेवू नये. निराळा स्वयंपाक न करता घरच्याच अन्नातील एक वाटी वेगळी काढून मऊ करता येते, हे दाखवावे.

५. उपवास मोडण्याचा आग्रह धरू नये. एकादशीस साबुदाण्याऐवजी वरईची भगर, दाण्याची आमटी, राजगिरा व दूध सुचवावे. श्रद्धा न दुखविता सांगितलेली गोष्ट मानली जाते. मांसाहार न करणाऱ्या माळकऱ्यांना दूध, दही व ताक यांचे महत्त्व विशेषकरून सांगावे. त्यांच्या नित्याच्या आहारात ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व मुख्यतः त्यांतूनच मिळते.

पाठपुरावा

पंधरा दिवसांनी घरी जावे. ‘समजले का?’ असे न विचारता ‘काल काय खाल्ले?’ असे विचारावे. महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन घेऊन नोंद ठेवावी. वजन कारणावाचून उतरत असेल, तर त्या व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. या कामी गावची आशा कार्यकर्ती व अंगणवाडीसेविका यांचे सहकार्य घ्यावे. धान्य व परसबागेविषयी नारायणगाव येथील कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

गावातील एका आजींनी रोजची पेज सुरू केली व त्यांना ती मानवली, की शेजारच्या चार घरी त्याच ती शिकवितात. ग्रामकार्यकर्त्याने प्रथम अशी एक आजी शोधावी.