जुनी वॅगनआर धंद्यासाठी घेताय? आधी दुरुस्तीचा हिशेब मांडा

व्हिडिओमध्ये आकडे भरभर गेले, म्हणून इथे नीट लिहून देतोय. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून खूप जण विचारतात, "सर, डब्याच्या किंवा मालाच्या डिलिव्हरीसाठी लाख-सव्वा लाखाची जुनी गाडी घेऊ का?" घ्या, पण गाडीची किंमत हा खर्चाचा फक्त पहिला हप्ता असतो. उदाहरणाला आपल्याकडे सगळीकडे दिसणारी वॅगनआर घेऊ.

१. कोणतं इंजिन आहे ते बघा

२०१० च्या आधीच्या पेट्रोल वॅगनआरला १०६१ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन आहे. त्यात टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला याचं बिल मालकाकडे नसेल, तर बेल्टचा खर्च आपल्याच डोक्यावर आहे असं धरा. २०१० ला आलेल्या नव्या मॉडेलमध्ये ९९८ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन आणि टायमिंग चेन आहे.

या ६३ सीसीचा फरक इन्शुरन्समध्येही दिसतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे थर्ड पार्टी प्रीमियम १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि त्याच्या वर १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये. जीएसटी वेगळा.

२. आपल्या रस्त्यांवर काय जातं?

- क्लच: घोडबंदर रोड, शिळफाटा, कल्याण-शिळ रोड. अर्धा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातो. चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपत आली.
- सस्पेन्शन: पावसाळ्यातले खड्डे लोअर आर्म, लिंक रॉड आणि शॉकर खातात. स्पीडब्रेकरवर काच खाली करून 'खट-खट' ऐकू येतं का बघा.
- गंज आणि पाणी: २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीच्या पुराचं पाणी कल्याणच्या बऱ्याच भागात शिरलं होतं. मॅट उचला, सीटचे रूळ बघा, वास घ्या. पाण्यात बसलेल्या गाडीचं वायरिंग नंतर हळूहळू त्रास देतं. अशी गाडी स्वस्तातही नको.
- सीएनजी किट: आरसीवर नोंद हवी आणि सिलेंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी.

३. पहिल्या वर्षाचा अंदाज

हे बाहेरच्या चांगल्या गॅरेजचे ढोबळ आकडे आहेत. आपल्या भागात दोन ठिकाणी विचारून स्वतःचे आकडे भरा.

- क्लच सेट मजुरीसह: ६,००० रु.
- सस्पेन्शनचं काम: ८,००० रु.
- बॅटरी: ४,००० रु.
- चार टायर: १४,००० रु.
- ऑइल, फिल्टर, सर्व्हिसिंग: ४,००० रु.

एकूण ३६,००० रुपये. एसीची कूलिंग कॉइल गेली तर तो खर्च आणखी वेगळा.

४. आता धंद्याचा हिशेब

समजा, तुम्ही डोंबिवलीहून ठाण्याला डबे पोचवता. रोज ४० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस. वर्षाचे झाले १२,००० किलोमीटर. म्हणजे दुरुस्ती पडली किलोमीटरला ३ रुपये.

- दुरुस्ती: रोज १२० रु.
- पेट्रोल (ट्रॅफिकमध्ये १३ चा ॲव्हरेज, लिटर १०४ रु. धरून): ३२० रु.
- गाडीची घट (१,२०,००० ला घेतली, तीन वर्षांनी ६०,००० ला विकली): ६७ रु.
- इन्शुरन्स: ८ रु.

रोजचे ५१५ रुपये. २० डबे असतील तर डब्यामागे जवळजवळ २६ रुपये! हे २६ रुपये तुमच्या डब्याच्या दरात आहेत का? बहुतेक जण फक्त पेट्रोलचे १६ रुपये धरतात. उरलेले १० रुपये रोज खिशातून जातात आणि क्लच बसतो त्या दिवशी एकदम दिसतात. डबे ४० झाले तर हाच खर्च डब्यामागे १३ वर येतो. तोपर्यंत भाड्याचा टेम्पो, रिक्षा किंवा लोकलने जाणारा माणूस स्वस्त पडतो का, तेही मांडून बघा.

५. कागद

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. २०११ ची गाडी २०२६ ला तिथे पोचते. मग फिटनेस, री-रजिस्ट्रेशन फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो, आणि रजिस्ट्रेशन पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवायचं. एमएच-०४ असो की एमएच-०५, आरसीवरची तारीख आधी वाचा. थकलेली ई-चलनं तपासा. कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि लक्षात ठेवा, पांढऱ्या नंबर प्लेटवर भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत.

६. माझा नियम

हातात १,६०,००० असतील तर गाडी १,२०,००० चीच बघायची. ४०,००० वेगळ्या खात्यात राहू द्या. सगळं भांडवल गाडीत घातलं, तर पहिल्या ब्रेकडाउनला गॅरेजचं बिल किराणाच्या पैशांतून जातं. गाडी चार दिवस उभी राहते, डबे बंद होतात आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. ते परत आणायला क्लचपेक्षा जास्त खर्च येतो.

गृहपाठ: गाडी बघायला जाताना ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याचे ५०० रुपये आनंदाने द्या. त्याने काढलेल्या कामांची यादी लिहा, रक्कम मांडा आणि ती यादी दाखवूनच भाव करा. तुमचा डब्यामागचा किंवा ऑर्डरमागचा आकडा किती आला, ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात त्यावरून दर कसा ठरवायचा ते बघू.