आईचे शरीर लेकराला परके का मानत नाही?

आईने मुलाला किडनी दिली, तरी मुलाचे शरीर ती परकीच मानते. ती नाकारली जाऊ नये म्हणून त्याला कायम गोळ्या घ्याव्या लागतात. मग तेच मूल आईच्या पोटात नऊ महिने अशा एकाही गोळीशिवाय कसे वाढले? १९५३ साली पीटर मेडावार या शास्त्रज्ञाने असाच प्रश्न मांडला होता.

वस्तीत तो वेगळ्या रूपात येतो. इंदोऱ्यात, कुंजीलालपेठेत आम्ही मायबहिणींशी बोलायला बसतो, तेव्हा गर्भ पडलेल्या सुनेबद्दल कुणीतरी म्हणतेच, "हिच्या आंगालेच लेकरू सोसत नाई." हे खरे आहे का?

आपल्या बहुतेक पेशींवर ओळखीची खूण असते. एचएलए नावाची जनुके ती ठरवतात. ही जनुके निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून येतात. म्हणजे गर्भ आईला निम्मा परकाच. पण आईच्या रक्ताशी गाठ पडते ती वारेची, आणि वार मुख्यतः बाळाच्याच पेशींची बनते.

वारेचा जो थर आईच्या रक्तात बुडालेला असतो, त्यावर या खुणा नसतातच. वारेच्या काही पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात. त्या एचएलए-ए आणि एचएलए-बी ही जनुके बंद ठेवतात. पण बिनखुणेच्या पेशीला मारणाऱ्या पेशीही आईकडे असतात. त्यांच्यासाठी वार एचएलए-जी हे जनुक उघडते. त्याची खूण सगळ्या माणसांत जवळजवळ सारखी असते. ती दिसली की मारेकरी पेशी हात आवरतात. उलट बाळाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या रुंद करायला मदत करतात. त्या नीट रुंद झाल्या नाहीत, तर पुढे आईचे बीपी वाढू शकते. म्हणून दर तपासणीला बीपी मोजून घ्यावे.

आता त्या टोमण्याबद्दल. सुरुवातीच्या महिन्यांतले सुमारे निम्मे गर्भपात गर्भाच्याच गुणसूत्रांतील बिघाडामुळे होतात, आणि तो बहुतेकदा योगायोगाने झालेला असतो. त्यात बाईचा दोष नाही, कुणाची नजरही नाही. गर्भ पुन्हा पुन्हा पडत असेल, तर नवरा-बायको दोघांनी तपासणी करावी.

वारेची राखण एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. बाळंतपणात किंवा गर्भ पडताना बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळू शकते. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात. पहिले लेकरू बहुधा सुखरूप राहते. पुढच्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे. ते ७२ तासांच्या आत घ्यायचे, गर्भपातानंतरही डॉक्टरांना विचारायचे. प्रतिद्रव्ये एकदा तयार झाली की ते उपयोगी पडत नाही.

आज घरातल्या गरोदर लेकी-सुनेचे कार्ड काढा आणि रक्तगट वाचा. निगेटिव्ह असेल, तर डागा, मेयो, मेडिकल, जिथे नाव नोंदवले तिथे अँटी-डीबद्दल आत्ताच विचारा. बाळंतपणाच्या दिवसाची वाट पाहू नका.