फोटोमागची कोरी बाजू

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी या पाठासाठी घरातला एखादा असा जुना फोटो आणावा, की ज्याच्या मागे काहीच लिहिलेले नाही. वर्गात विचारावे, यात कोण आहे? बहुधा कोणाला सांगता येणार नाही.

आपला विषय आहे इंटरनेटवर फोटो ठेवणाऱ्यांच्या मंडळ्या. २००४ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे स्ट्युअर्ट बटरफील्ड व कॅटरिना फेक यांच्या लहानशा कंपनीने ‘फ्लिकर’ सुरू केले. त्यांचे मूळ काम एका खेळाचे होते. तो खेळ मागे पडला आणि फोटोंचे काम वाढले. येथे फोटो नुसता ठेवून द्यावयाचा नव्हता. मालकाने त्याला ओळखीचे शब्द जोडावेत, पाहणाऱ्याने खाली अभिप्राय लिहावा, एका आवडीच्या लोकांनी गट करावा, अशी सोय होती.

याचा खरा उपयोग जानेवारी २००८ मध्ये दिसला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या संग्रहातील सुमारे ३,००० फोटो फ्लिकरवर लोकांपुढे ठेवले. त्यांतील निम्मे बेन नावाच्या जुन्या वृत्तसंस्थेचे होते. माणसे शंभर वर्षांपूर्वीची, आणि त्यांच्याविषयीची माहिती कित्येकदा एखाद्या आडनावापुरतीच. मग कोठकोठले लोक कामाला लागले. कोणी जुनी वर्तमानपत्रे चाळली, कोणी इमारतीवरून गाव ओळखले. ग्रंथपालांनी मात्र सांगितले ते सारे तसेच मान्य केले नाही. (अशा ठिकाणी थट्टेखोरही असतातच.) पडताळून पाहिल्यावरच त्यांनी ते आपल्या सूचीत घेतले, आणि त्याच वर्षी ५०० हून अधिक नोंदी सुधारल्या.

दुसरी बाजूही शिक्षकांनी सांगावी. फ्लिकर २००५ मध्ये याहूने विकत घेतले. याहूची स्वतःची जुनी फोटोसेवा २००७ मध्ये बंद झाली, व मुदतीत जे फोटो हलविले गेले नाहीत ते गेले. पुढे २०१३ मध्ये फ्लिकरने प्रत्येकाला भरपूर जागा फुकट दिली. फुकट म्हटल्यावर लोक ट्रंका आणून टाकणारच! २०१८ मध्ये मालकी स्मगमगकडे गेली, आणि फुकट खात्यांना १,००० फोटोंची मर्यादा घातली गेली. मालकांनी कारण दिले ते असे, की फुकट जागेसाठी आलेल्यांना इतरांच्या फोटोंशी फारसे कर्तव्य नव्हते. व्यापाराचा भाग सोडला तरी हे म्हणणे मला खोटे वाटत नाही. पण ज्यांच्याजवळ दुसरी प्रत नव्हती, त्यांच्या जिवाला घोर लागलाच असेल.

येथे मुले एक प्रश्न विचारतील: मग आपल्या नाताळच्या कार्यक्रमाच्या फोटोखालीही सर्वांची नावे लिहून तो इंटरनेटवर टाकावा का? नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचे नाव शोधणे वेगळे, आणि आज शाळेत जाणाऱ्या मुलीचे नाव व गाव अनोळखी लोकांपुढे ठेवणे वेगळे. आईवडिलांना विचारल्यावाचून मुलांचा फोटो पाठवू नये, मग तो मंडळीच्या मोबाईल गटावर का असेना. नाव लिहावे ते घरच्या प्रतीवर.

वर्गासाठी काम: प्रत्येक मुलाने कोरा फोटो घरातील सर्वांत वयस्कर माणसाला दाखवावा. मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, डावीकडून क्रमाने नावे, गाव व साल लिहावे. जेथे आजीचा नुसता अंदाज असेल, तेथे पुढे प्रश्नचिन्ह घालावे.