तांबें आणि जस्त

मुंबईंत पायधुणीजवळ तांबाकांटा या नांवाची वस्ती आहे. तेथील जुना व्यापार कोणता हें नांवावरूनच समजतें. गिरगांव, परळ, लालबाग येथें राहणारा मनुष्य कोंकणांतला असो वा देशावरचा असो, गांवीं लग्नकार्य निघालें कीं हंडा, कळशी, समई घेण्यास त्या बाजूस आजही जातो. तांब्याचीं व पितळेचीं भांडीं तेथें शेजारीं शेजारीं मांडलेलीं असतात आणि गिऱ्हाइक बहुधा रंग पाहून निवड करतें. पितळ हा स्वतंत्र धातु नसून तें तांबें व जस्त यांचें मिश्रण होय, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. या दोन धातूंचा शेतकऱ्याशीं संबंध भांड्यांपुरताच नाहीं. बागेवर फवारावयाचा मोरचूद हा तांब्याचा क्षार. दुकानांत झिंक सल्फेट म्हणून जी पांढरी पूड मिळते तो जस्ताचा क्षार. घरावरील पत्रा व गोठ्यांतील बादली यांवर मुलामा जस्ताचाच. हे दोन धातु एकत्र आले म्हणजे कोणी कोणापुढें नमतें घ्यावयाचें हें ठरलेलें आहे. तें न कळल्यामुळें पैसा वायां जातो, आणि एके काळीं लहान मुलांचे प्राणही गेले. म्हणून हा प्रपंच.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर करूं. कल्हईवाला भांड्यास लावतो तें कथील, जस्त नव्हे. तांब्यांत कथील मिसळलें म्हणजे कांसें होतें, जस्त मिसळलें म्हणजे पितळ. महसुलाच्या दप्तरांत एका नांवाचे दोन खातेदार निघाले कीं जो गोंधळ माजतो तोच येथें माजलेला आढळतो, आणि जस्ती बादलीस ‘कल्हईची बादली’ म्हणणारे गृहस्थ शहरांतही आहेत.

रसायनशास्त्राच्या कोष्टकांत तांब्याचा अनुक्रमांक २९ व जस्ताचा ३०. म्हणजे हे अगदीं लागून बसलेले शेजारी. त्यांच्या अणूंचें वजनही जवळ जवळ सारखें. स्वभाव मात्र भिन्न. तांबें चिवट असून ठोकल्यास त्याचा पत्रा होतो व ओढल्यास तार होते. जस्त निळसर पांढरें व थंडपणीं ठिसूळ; १०० ते १५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें तरच नीट लाटतां येतें. वीज वाहून नेण्यांत चांदीच्या खालोखाल तांब्याचा क्रम लागतो. जस्ताची शक्ति तांब्याच्या चौथ्या हिश्श्याहून थोडीच अधिक. १९२५ सालच्या फेब्रुवारींत बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची पहिली आगगाडी धांवली. आजची लोकल गाडी डोक्यावरील ज्या तारेस स्पर्श करून वीज घेते ती तारही तांब्याचीच आहे.

तांबें १,०८५ अंशांवर वितळतें. जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळतें आणि ९०७ अंशांवर उकळून त्याची वाफ होते. ही वाफच सर्व अडचणीचें मूळ होय. जस्ताचा दगड कोळशाबरोबर भाजून धातु मोकळा करावयास याहूनही अधिक आंच लागते. त्यामुळें जस्त सुटतें तें वाफेच्या रूपानेंच, आणि हवा लागतांच जळून त्याची पांढरी राख होते. म्हणून तांबें हजारों वर्षांपूर्वींच माणसाच्या हातीं आलें. नगर जिल्ह्यांत दायमाबाद येथें १९७४ सालीं एका शेतकऱ्यास झाडाचीं मुळें खणतांना तांब्याचे रथ, हत्ती, गेंडा व रेडा सांपडले. चार मिळून वजन ६० किलोहून अधिक भरलें. शुद्ध जस्त काढण्याची युक्ति फार उशिरां साधली, आणि ती साधणाऱ्यांत मेवाडांतील झावर येथील कारागीर अग्रगण्य होते. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या ठेवून, तोंडाशीं नळी लावून, ते वाफ खालच्या थंड भांड्यांत उतरवीत. युरोपांत हें काम अठराव्या शतकांत सुरू झालें. झावर येथें त्यापूर्वीं कित्येक शतकें चालू होतें.

आतां घरांतील व्यवहाराकडे वळूं. तांब्याच्या कळशींत रात्रभर ठेवलेल्या पाण्यांतील पुष्कळसे रोगजंतु मरतात, हें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. तांबें अत्यंत अल्प प्रमाणांत पाण्यांत उतरतें, त्याचा हा परिणाम. परंतु तेंच तांबें आंबट पदार्थांत भराभर उतरतें. कल्हई गेलेल्या पितळेंत ठेवलेलें ताक ‘कळकतें’ हा आपल्या आज्यांचा शब्द अगदीं यथार्थ आहे. कोकमाचें सार, चिंचेची आमटी, ताक हीं बिनकल्हईच्या तांब्यापितळेंत ठेवूं नयेत. जस्ती बादलींतही ठेवूं नयेत. कारण आंबटांत जस्त तर तांब्याहूनही लवकर विरघळतें व त्यानें मळमळ आणि वांत्या होतात.

दूध आंबट नसतें म्हणून पितळेंत चालेल, अशी समजूत होती. ती फार महागांत पडली. आपल्या देशांत सहा महिन्यांपासून चार-पांच वर्षांपर्यंतच्या मुलांस यकृताचा एक घातक रोग होत असे. पोट फुगे, कावीळ होई, आणि बहुतेक मुलें दगावत. पुण्यांतील बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडांतील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनीं या मुलांचा अभ्यास केला. त्यांच्या यकृतांत तांबें अतोनात साठलेलें आढळलें. पुष्कळ मुलांस आईच्या दुधाऐवजीं किंवा त्याच्या जोडीला गाईम्हशीचें दूध लवकर सुरू केलेलें होतें आणि तें दूध पितळेच्या भांड्यांत तापविलेलें व ठेवलेलें होतें. दुधांतील प्रथिन तांब्यास धरून ठेवतें, म्हणून आंबटपणा नसतांही दुधांत तांबें उतरतें. हा निष्कर्ष १९८३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें दुधासाठीं स्टीलचीं भांडीं घरोघर आलीं, आणि तो रोग आज क्वचितच दिसतो. ज्या घरीं जुनें पितळेचें पातेलें अजून चुलीवर चढतें, तेथें तान्ह्या मुलाचें दूध त्यांत तापवूं नये. हौस म्हणून नवीं पितळी भांडीं घेणाऱ्या शहरी मंडळींसही हेंच सांगणें आहे.

पितळेंत जस्तही असतें, पण या रोगास कारण झालें तें तांबेंच. उलट पोटांत दिलेलें जस्त तांब्यास आंतड्यांतच अडवितें. विल्सन नांवाच्या रोगांत शरीरांत तांबें सांचूं लागतें, तेव्हां वैद्य जस्ताचे क्षार देतात तें याच गुणामुळें. लहान मुलांच्या हगवणींत मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर १४ दिवस जस्ताच्या गोळ्या देतात, त्याही आतां खेड्यांतील आरोग्यकेंद्रांत मिळतात.

शरीरांत जस्त तांब्यास अडवितें खरें. पण पाण्यांत गोष्ट उलटी होते. जस्ताच्या बादलींत मोरचुदाचें द्रावण केलें तर निळा रंग फिकट होत जातो आणि बादलीच्या तळाशीं तांबूस-काळा गाळ बसतो. जस्त विरघळून द्रावणांत जातें व तांबें बाहेर पडतें. हिशोब असा कीं सुमारें ६५ ग्रॅम जस्त गेलें म्हणजे ६३ ग्रॅम तांबें गाळांत बसतें, म्हणजे जवळ जवळ वजनास वजन. बादली भोंक पडून जाते तें वेगळेंच. खरी हानि म्हणजे औषधांतलें तांबें गेलें आणि फवारणी निव्वळ पाण्याची झाली. लोखंडी पिंपांतही असेंच होतें. पुष्कळ बागाईतदार ‘मोरचूद नकली होता’ अशी तक्रार करतात. त्यांनीं आधीं आपलें भांडें पाहावें.

बोर्डो मिश्रण फ्रान्सांतील बोर्डो येथील मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षें वाटसरूंनीं तोडूं नयेत म्हणून तेथील लोक चुना व मोरचूद शिंपडीत. तेवढ्याच वेलींस केवडा रोग लागला नाहीं, हें त्यानें पाहिलें होतें. आज नाशिकच्या द्राक्षांस व कोंकणांतील सुपारीच्या कोळेरोगास तेंच लागू पडतें. शेंकडा एक प्रमाणासाठीं एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यांत व एक किलो चांगला चुना ५० लिटर पाण्यांत निरनिराळे भिजवावे. भांडीं मातीचीं किंवा प्लॅस्टिकचीं असावींत. मग दोन्ही एकदमच तिसऱ्या भांड्यांत ओतून ढवळावें. स्वच्छ घासलेला विळा त्यांत मिनिटभर बुडवावा. पात्यावर तांबूस लेप चढला तर तांबें अजून मोकळें आहे व पानें भाजतील असें समजून चुन्याची निवळी वाढवावी. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें.

बुरशीशीं जस्तानेंही लढाई दिली आहे, ती मात्र शेतांत नव्हे. कापडगिरण्यांत सुतास पिठाची खळ देत, आणि दमट हवेंत तिला बुरशी धरूं नये म्हणून खळींत झिंक क्लोराइड मिसळण्याची रीत होती. परळ-लालबागच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर हळूहळू बंद झाल्या. त्यांच्याबरोबर हें ज्ञानही मागें पडलें.

जस्ताचा नमतें घेण्याचा गुण इतरत्र उपकारकच आहे. जस्ती पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडें पडलें तरी शेजारचें जस्त आधीं झिजतें आणि लोखंडास कांहीं काळ गंज चढूं देत नाहीं. तांब्याचा मुलामा असतां तर लोखंडच आधीं खाल्लें गेलें असतें. याच कारणानें जस्ती नळास तांब्याचा नळ सरळ जोडूं नये. सांध्याजवळचें जस्त लवकर संपतें.

आतां मातीचा प्रश्न. सातबाऱ्यावर जमिनीचें क्षेत्र व आकार असतो, तिच्यांतील जस्त कोणी लिहीत नाहीं. तें २०१५ सालीं सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेंत सांपडतें. दर किलो मातींत पिकास घेतां येण्याजोगें जस्त ०.६ मिलिग्रॅमहून कमी असेल तर उणीव समजावी; तांब्याची मर्यादा ०.२ मिलिग्रॅम. देशांतील दोन लाखांहून अधिक नमुन्यांच्या तपासणींत जस्ताची उणीव शेंकडा ३५ हून अधिक ठिकाणीं निघाली, तांब्याची शेंकडा ५ हूनही कमी ठिकाणीं. चुनखडीच्या काळ्या जमिनींत जस्त असूनही अडकून पडतें. सामू एक अंकानें चढला कीं विरघळणारें जस्त सुमारें शंभरपट घटतें. भातावरील खैरा हा रोग जस्ताच्या उणिवेनें होतो, हें डॉ. वाय. एल. नेने यांनीं पंतनगर येथें १९६६ सालीं दाखविलें. मक्याचा पोंगा पांढरा पडणें, संत्र्याचीं पानें बारीक राहून शिरांमध्यें पिवळीं होणें, हींही त्याचींच लक्षणें. ज्या बागेंत वर्षानुवर्षें बोर्डो फवारलें त्या मातींत तांबें सांचतें, आणि मुळांशीं तें जस्ताची वाट अडवितें. अशा बागाईतदारानें दोन्ही आंकडे एकत्र वाचावे.

उणीव असल्यास हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट शेणखतांत मिसळून द्यावें. उभ्या पिकावर फवारावयाचें तर १०० लिटर पाण्यांत ५०० ग्रॅम झिंक सल्फेट व २५० ग्रॅम चुना घ्यावा. डीएपी किंवा सुपर फॉस्फेट यांत तें कधींही मिसळूं नये; स्फुरदाशीं जस्ताचा न विरघळणारा साका होतो व दोन्ही खतांचा पैसा मातींत जातो. हाच दोष परीक्षेच्या कामीं उपयोगी पडतो. झिंक सल्फेटांत मॅग्नेशियम सल्फेटाची भेसळ पुष्कळ होते; दिसण्यांत दोन्ही सारखींच पांढरीं. थोड्या डीएपीचें निवळ द्रावण झिंक सल्फेटाच्या द्रावणांत ओतावें. माल खरा असेल तर दाट साका धरतो. अधिक खात्री हवी तर पातळ कॉस्टिक सोडा थेंब थेंब घालावा, म्हणजे पांढरा चिकट साका येईल. मग तीव्र कॉस्टिक सोडा वाढवावा. जस्ताचा साका पुन्हां विरघळतो, मॅग्नेशियमचा तसाच राहतो. सोडा हातांस व डोळ्यांस लागूं देऊं नये. पिशवीवर जस्ताचें प्रमाण शेंकडा २१ आहे कीं ३३ हें वाचून मगच किंमत ठरवावी आणि पक्की पावती घ्यावी. माल खोटा ठरल्यास न फोडलेली एक पिशवी व ती पावती घेऊन पंचायत समितीच्या कृषि अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा, व अर्जाच्या प्रतीवर पोंच घेण्यास विसरूं नये.