सोबत्याचें कर्तव्य

आम्ही पाहतों कीं, तेरा-चौदा वर्षांचें मूल आपलें दुःख मायबापांस क्वचितच सांगतें. बरोबरीच्या सोबत्यास मात्र सांगतें. हें ओळखूनच २०१४ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमानें १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठीं त्यांच्यांतूनच 'साथिया' निवडून शिकविण्याची योजना केली. हजार वस्तीमागें दोन मुलगे व दोन मुली, असें प्रमाण ठरविलें.

तर सोबत्यानें काय करावें?

पहिलें, ऐकावें. "एवढ्यानें काय रडतोस?" असें म्हणूं नये.

दुसरें, दुःखी सोबत्यास एकटें पडूं देऊं नये; खेळांत व शाळेच्या वाटेवर बरोबर घ्यावें.

तिसरें, ऐकलेलें चावडीवर नेऊं नये.

परंतु सोबती जिवाचें बरेंवाईट करण्याचें बोलूं लागला, किंवा त्यास कोणी छळीत असेल, तर तें गुप्त ठेवणें ही मैत्री नव्हे. त्यानें शपथ घातली असली तरी विश्वासू वडील माणसास त्याच वेळीं सांगावें, व तोंवर त्याच्याजवळून हलूं नये. २०२२ सालीं सुरू झालेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट सल्ला मिळतो. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा क्रमांक आहे.

आतां वडील बंधुभगिनींनो, तुम्हांस एक प्रश्न. एखादें मूल असा निरोप घेऊन रात्रीं तुमच्या दारीं आलें, तर तुम्ही आधीं रागें भराल, कीं आधीं जवळ बसवून घ्याल? मुलें एकमेकांस हात देतील. परंतु सर्व ओझें त्यांच्याच कोंवळ्या खांद्यांवर ठेवणें आम्हांस शोभत नाहीं.