गॅस भरायला हो म्हणण्याआधी

ऐन मे महिन्यात दूध नासतं, कोथिंबीर काळी पडते आणि मेकॅनिक फ्रिजवर हात ठेवून दोन मिनिटांत सांगतो, "गॅस संपलाय." आमच्या घरी हे ऐकून एकदा अडीच हजार रुपये मोजले. दोन महिन्यांत फ्रिज पुन्हा होता तसाच. फ्रिजमधला गॅस सिलिंडरसारखा वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरत राहतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती बुजवल्याशिवाय भरलेला गॅस फुटक्या माठातल्या पाण्यासारखा निघून जातो.

म्हणून फोन लावण्याआधी अर्धा तास स्वतः द्या. आतला दिवा लागतो का? लागत नसेल तर त्याच सॉकेटला मिक्सर लावून बघा. भांड्याचा धक्का लागून आतलं थंडाव्याचं बटण शून्यावर गेलेलं नाही ना, हेही बघा. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर कॉम्प्रेसर उचलत नाही. दारात दहाची नोट अडकवून दार लावा; ती अलगद सरकून आली तर रबर सैल झालंय. कोमट साबणपाण्याने पुसल्यावर कधी कधी ते पुन्हा नीट बसतं, नाहीतर नवं रबर 800 ते 1,500 रुपयांना पडतं. मागे जाळी असेल तर प्लग काढून धूळ झाडा.

मग कान लावा. मागून दर थोड्या वेळाने 'टक्' आवाज येतो आणि कॉम्प्रेसर गप्प होतो? आधी कॉम्प्रेसर चालू करणारा रिले आणि त्याला जपणारा ओव्हरलोड तपासायला सांगा. 400 ते 1,000 रुपयांचं काम. ते न बघताच कोणी कॉम्प्रेसर बदलायची भाषा केली तर थांबा.

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये सगळ्यात जास्त फसगत होते. वर बर्फ होतो, खाली मात्र भाजी कोमट. फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड बर्फ साचून थंड हवेची वाट बुजलेली असते. फ्रिज रिकामा करा, बंद करा, दारं 24 तास उघडी ठेवा, खाली फडकी अंथरा. त्यानंतर फ्रिज काही दिवस झकास चालून पुन्हा बिघडला, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या हीटरचा, सेन्सरचा किंवा टायमरचा. 700 ते 2,000 रुपयांत हे निभावतं आणि गॅसचा इथे काही संबंध नसतो. एका दिवसाच्या गैरसोयीत एवढं कळतं.

कॉम्प्रेसर अखंड घुमतोय, पण फ्रिजच्या बाजू जराही कोमट लागत नाहीत आणि फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात पांढरं दव धरतं, तर गॅसचा संशय खरा. त्याचे 2,000 ते 3,500 रुपये होतात. त्यात गळती शोधून जोड बुजवणं, फिल्टर बदलणं, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढणं, वजन करून गॅस भरणं हे सगळं आलं पाहिजे. फ्रिजवरच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. तिथे आर-600ए असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे. शेगडी बंद, खिडक्या उघड्या, आणि जुना गॅस घराबाहेर सोडल्याशिवाय नळीजवळ ज्योत नको. याबाबतीत भीड बाळगू नका.

सुरीने बर्फ खरवडून नळीला भोक पाडलं असेल, तर मात्र खर्च आपल्याच माथी येतो. गळती भिंतीच्या फोममध्ये असली आणि फ्रिज दहा वर्षांचा झाला असला, तर मी पैसे घालणार नाही. कॉम्प्रेसरला 5,000 ते 9,000 लागतात, पण त्याआधी जुनं बिल शोधा. पुष्कळ कंपन्या एकट्या कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी देतात. गॅस आणि मजुरी बहुधा वेगळी लावतात.

हे आकडे शहरातले, अंदाजाचे, ब्रँडप्रमाणे बदलतात. नुसत्या भेटीचे 300 ते 600 रुपये फोनवरच ठरवून घ्या. काढलेला सुटा भाग मागा. बिलावर गॅसचं नाव, ग्रॅम आणि किती महिन्यांची हमी हे लिहून घ्या. हमी असून कोणी परत यायला टाळाटाळ केली, तर ते बिल हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा.